आख

खासर मालाची, दमणी माणसांची,
रेंगी तरण्या पोरानं बाजाराला पळवायची.
बाबांना विमानं मी अशीच समजावली.
एका बोळाचं ते रेंगी.
दोन बोळांचं रुंद ते दमणी,
आणि त्या दमणीच्या पोटाखाली पुन्हा खासर:
वर माणसं, खाली पेट्या, टपाल, कधी शर्यतीचे घोडे.
बाबांनी रंधा थांबवला.
"घोडे उडते काय?"

हँगर आमच्या लिंबाखालून दिसत नाही.
चोवीस किलोमीटर, स्कूटीनं, बुटीबोरीचा धूर डावीकडं ठेवून.
तिथं मी विमानाचे पाय बघते.

घरच्यांना बोलवायचा दिवस जानेवारीत आला.
बाबा चष्मा दोरीनं बांधून आले.
सगळे वर बघत होते, ते खाली वाकले.
एका पायाला सहा चाकं.
मोजली, पुन्हा मोजली.
"कुंदे, आख कोठी हाये?"

दाखवला. हात लावला नाही त्यांनी,
तुंबा पारखताना वाजवतात तशी
हवेतच नखानं टकटक केली.
"बसवता कसा? तापवून?"
नाही बाबा. तुम्ही धाव लाल करता,
चाकावर घालता, पाणी ओतता, ती आवळते.
आम्ही आतली बुश गोठवतो,
इतकी की मोज्यातूनही चावते.
ती अंग चोरते, भोकात सरकते,
मग ऊब आली की फुगून बसते, निघत नाही.
बाबा पार शेपटीपर्यंत गप्प चालले.
"आमी बाहीरच्याले रडवतो," म्हणाले,
"तुमी आतल्याले."

इंजिनं दोनच, हे त्यांना पटलं नाही.
पूर्वी चार जुंपायचे, आता दोन तेवढंच ओढतात,
वैरण कमी लागते, कंपनीचा जीव त्या वैरणीत.
"अन् एक बसला तं?"
तर दुसऱ्यानं समुद्रावरून एकट्यानं आणायचं,
तीन तास, जास्तही. त्याच अटीवर घेतात त्याला.
"एका बैलानं बंडी वाकडी जाते."
शेपटीचं सुकाणू तिरकं धरतात, मग सरळ जाते.
"सारा रस्ता?"
सारा रस्ता.
"बाप्पा."

आत खुर्च्या उपटलेल्या, जमिनीवर नुसते रूळ.
बाळाचा एक मोजा. अरबी नाणं. सुकलेली खारीक.
आधी रांगेत नऊ बसायचे, आता दहा बसवणार.
"विमान रुंद केलं काय?"
नाही. तेवढंच आहे.
"म्हंजे पंगतीत एक पत्रावळ घुसवली,"
आणि त्यांनी दोन्ही कोपरं पोटाशी घेऊन
जेवून दाखवलं. माझे सुपरवायझर हसले,
मग त्यांनीही कोपरं घेतली आत.

जाताना बाबा पुढच्या चाकापाशी अडले.
रबरी ठोकळ्याला चिरा गेलेल्या.
बोलले काही नाही.

पंधरा दिवसांनी दोन टेकणं तयार.
बाभळीची, कोपरे घासलेले, दोरीला भोक,
आणि टायरचा बाक नुसत्या नजरेनं उतरवलेला.
मी मोजून बघितलं. ज्वारीच्या दाण्याचा फरक.
पण कागद नसलेलं लाकूड विमानाला शिवत नाही.
नंबर लागतो. कुठलं, कुणी कापलं,
कुणी पारखलं, कुणाची सही.
"ढोमण्याच्या धुऱ्यावरची बाभूळ," बाबा म्हणाले,
"मीच तोडली. लिही."

एक आता दाराला आहे, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
दुसरं माझ्या लॉकरमध्ये, डब्यामागं.
उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकतो आम्ही.
अडीचच्या सुमाराला एक जातं, फार उंचावरून,
कुठून कुठं, मला माहीत नाही.
बाबा कूस न बदलता विचारतात:
"ह्यानं पाय आत घेतले काय?"
केव्हाच, बाबा.
"मंग झोप."